वारुळाचा नमुना

त्या गुरुवारी बाबा लोबात्सेच्या लॅबच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा केबोने सूक्ष्मदर्शकावर वाकून नवव्या नमुन्याचे शेवटचे दाणे चिमट्याने बाजूला सारत होती. नववा नमुनाही कोराच निघाला. काळे दाणे, पिवळट दाणे, बाकी वाळू. डाळिंबी रंगाचा एकही नाही. पिशवी फोडायच्या आधीपासून तिला ते ठाऊक होतं, आणि हे ठाऊक असलेली ती एकटीच होती.

"काय गं, सापडला का माझा हिरा?"

"नाही, बाबा."

"मग अजून खाली असणार."

ते उंबऱ्याबाहेरच थांबले होते. खड्डे खणणाऱ्या माणसाला लॅबमध्ये पाऊल टाकायची मनाई होती. बुटाच्या तळव्याला चिकटून एका जागची माती दुसऱ्या जागच्या नमुन्यात मिसळली की महिन्या-दोन महिन्यांचं काम नासतं. दाणे निवडणाऱ्या बायकांवर देखरेख करणारी मा-सेगो त्या बाबतीत कोणाचीच भीड ठेवत नसे.

"ओलेबिले, पाय आत पडला तर तो इथेच ठेवून घेईन."

"घे की. त्याचा रस्सा करून म्बाकोला घाल. बिचारा सुरवंट खाऊन खाऊन वाळलाय."

बाहेर ट्रकवरून नमुन्यांच्या पिशव्या उतरवणारा म्बाको ओरडला, "सुरवंट खातो म्हणून दंडात जोर आहे, केबोनेच्या बापा! तुझ्यासारखी दुधात भिजवलेली लापशी खाल्ली असती, तर रहाट ओढायच्या वेळी मीच तुझ्या अंगावर येऊन पडलो असतो."

सगळ्या बायका हसल्या. म्बाको उत्तरेकडचा, कलांगा जमातीचा. बाबा वाळवंटातल्या कांग गावचे. गेली नऊ वर्षं दोघं एका तंबूत झोपत होते आणि एकमेकांच्या जातीचा उद्धार केल्याशिवाय एकही दिवस घालवत नव्हते. खड्ड्यात बाबा उतरायचे, वर रहाटावर म्बाको असायचा. उलटं कधी झालं नाही. म्बाकोला खोलीची भीती वाटायची आणि ती तो कुणापासून लपवतही नसे.

केबोनेने टेबलावरचा दिवा विझवला आणि जेवायची सुट्टी मागितली.

तिच्या डोक्यात एक पिशवी होती.

नव्या मुलींना दाणे ओळखायला शिकवतात, तेव्हा त्यांच्यापुढे खऱ्या किंबरलाइटचा, म्हणजे ज्या दगडात हिरे असतात त्याचा, भुगा ठेवतात. तो भुगा ज्या पिशव्यांतून येतो त्या मागच्या अंगणात जाळून टाकायच्या, असा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावला आहे. दोन वर्षांपूर्वी केबोनेने त्यातली एक जाळली नाही. जाड, घट्ट विणीची, चांगली पिशवी होती. आईला ज्वारी भरायला होईल म्हणून तिने ती घडी घालून गावी नेली. ती आधी कशाची होती हे सांगायचं तिला सुचलंही नाही. आईने पिशवी धुतली, उसवलेली शिवण निळ्या दोऱ्याने घातली, आणि पुढे कधीतरी ती बाबांच्या सामानात गेली.

मग यंदाचा जुलै आला, थंडीचा. बाबा आणि म्बाको कांगच्या पश्चिमेला वारुळांचे नमुने गोळा करत फिरत होते. छावणीपासून दोन दिवसांच्या वाटेवर बाबांना एक वारूळ दिसलं. दोन पुरुष उंच, लालसर, एका अंगाला झुकलेलं. बाबांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं. आणि पिशव्या संपल्या होत्या. त्यांनी आईची पिशवी काढली, वाट्याच्या पिण्याच्या पाण्यातलं अर्धं तिच्यावर ओतून ती खळखळून धुतली, वाळवली आणि भरली.

लॅबमध्ये त्या नमुन्यात केबोनेला चौदा दाणे मिळाले. डाळिंबी गार्नेट, हिऱ्याच्या दगडातलेच, आणि प्रत्येकाभोवती ती राखाडी-हिरवट, ठिसूळ साल जशीच्या तशी. वाऱ्यापाण्याबरोबर थोडं जरी घरंगळलं तरी ती साल झडते. साल असलेला दाणा म्हणजे घर जवळ आहे. चौदा दाणे म्हणजे घर पायाखाली आहे.

मा-सेगोने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मोठ्यांदा आरोळी ठोकली. बायकांनी टाळ्या पिटल्या. केबोने त्या वेळी टेबलाखालच्या रिकाम्या पिशवीकडे बघत होती. शिवणीत निळा दोरा होता. शिवणीच्या आतल्या बाजूला, जिथे कापड दुमडतं, तिथे कितीही धुतलं तरी पाणी पोचत नाही.

पहिल्या दिवशी ती गप्प राहिली, कारण पिशवी तिने पळवली होती आणि वापरली बाबांनी होती. दोघांचीही नोकरी गेली असती. दुसऱ्या दिवशी बाबांना वायरलेसवर बातमी कळली. म्बाकोने नंतर सांगितलं, की तो माणूस शेकोटीभोवती नाचला आणि पडला. तिसऱ्या दिवशी कागद वरच्या ऑफिसात गेला. तिसऱ्या दिवसानंतर गप्प बसायला कारण लागत नाही.

वारुळाच्या जागी खड्डा घ्यायचा ठरलं. दर मीटरला एक नमुना. केबोनेने मनाशी हिशोब मांडला होता, की तीन-चार नमुने कोरे निघाले की खड्डा सोडून देतील, आणि कुणाला काही सांगायची वेळच येणार नाही. पाचव्या मीटरला कंपनीचे साहेब खरंच म्हणाले, पुरे. बाबांनी टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "साहेब, माणूस खोटं बोलतो. वारूळ बोलत नाही." अठरा वर्षांत या माणसाने कधी काही मागितलं नव्हतं. साहेबांनी अजून आठ मीटर दिले.

केबोनेच्या खोलीपुढे मोरुलाचं झाड होतं. त्याच्या सावलीत बसून बाबांनी ज्वारीची आंबट लापशी दोन वाडगे खाल्ली आणि तिसरा नको म्हणता म्हणता तोही घेतला.

"आज ट्रकमध्ये दहावा आणि अकरावा आणलाय," ते म्हणाले. "नीट बघ. डोळे धुऊन बस."

"मी नेहमीच नीट बघते."

"तू बघतेस गं. पण भिंगात बघून बघून तुम्हा पोरींना वाटतं जग तेवढंच आहे." त्यांनी बोटाने जमिनीत उभी रेघ ओढली. ही रेघ केबोने चार वर्षांची असल्यापासून बघत आली होती. "लोबात्सेहून कांगला जाणारा रस्ता आहे ना, तो उचलून जमिनीत उभा खुपस. निम्म्या रस्त्यावर पोचलीस की तिथून हा दगड निघाला. तिथे तो दगडही नव्हता, उकळता काला होता. सुटला तो पळालेल्या घोड्यासारखा. वाटेत जे भेटेल ते उचलत आला. हिरा कोण? फुकट्या उतारू. गार्नेट त्याचे शेजारी. वर येऊन सगळे आपटले, फुटले, थंड झाले, आणि वारा त्यांच्यावर वाळू टाकत बसला. किती वर्षं, ते आपल्या आकड्यांत बसत नाही. आता खाली कोण झोपलंय हे तुला-मला कळत नाही. साहेबालाही नाही. वाळवीला कळतं. तिला पाणी लागतं, म्हणून ती खाली जाते आणि येताना तोंडात दाणा घेऊन येते."

"बाबा, नऊ नमुने कोरे आहेत."

"मग दहावा."

"आणि फळ्या? खड्ड्याला फळ्या कुठवर मारल्यात?"

"नऊपर्यंत." ते वाडगा बोटाने पुसत होते. "पुढच्या फळ्या येतायत. तोवर वाळू घट्ट आहे. मुठीत दाबली की लाडू होतो."

"बाबा, तो खड्डा बंद करा."

ते हसायला लागले. "हे तुझ्या आईने शिकवलं का तुला?"

"नाही. ती पिशवी..."

"श्श!" त्यांनी घाईने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "पिशवीचं नाव काढायचं नाही. नियम मोडला तो मी मोडला, ठाऊक आहे मला. पण धुतली होती. माझं प्यायचं पाणी ओतलं तिच्यावर, विचार म्बाकोला, दुसऱ्या दिवशी जीभ टाळूला चिकटली होती. मा-सेगोचे कान सशाचे आहेत. कळलं तर एवढा सोन्यासारखा नमुना फेकून देईल."

एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या जिभेवर तयार होतं. पण त्यांचा चेहरा तेव्हा खोडी काढून पळालेल्या आणि पकडल्या न गेलेल्या पोरासारखा झाला होता. तिने वाडगा उचलला.

"परत आलात की सांगते," ती म्हणाली.

"काय सांगतेस?"

"काही नाही. एवढं वाळलेलं कलिंगड आईला द्या."

ट्रक निघाला तेव्हा म्बाको मागच्या पिशव्यांवर बसला होता आणि बाबा ड्रायव्हरशी भांडत होते, खिडकीशेजारची जागा कोणाची यावरून.

सोमवारी तिने दहावा आणि अकरावा नमुना निवडला. दोन्ही कोरे. मंगळवारी दुपारी मा-सेगो तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि सूक्ष्मदर्शकाचा दिवा तिनेच हात लांब करून विझवला.

बाबा खाली असताना बाराव्या मीटरला बाजूची वाळू आत आली होती.

कांगला पोचायला तिला दीड दिवस लागला. ज्वानेंगच्या खाणीपर्यंत रस्ता बरा होता, पुढे नुसती वाळू. ट्रकची चाकं रुतत, उतरून ढकलावं लागे. तिसऱ्या वर्षीही पाऊस नव्हता आणि रस्त्याच्या कडेला मेलेल्या गुरांची कातडी वाळत पडली होती.

घरातलं सगळं सामान एका खोलीतून काढून भिंतीशी ठेवलं होतं. जमिनीवर गादी, गादीवर आई, अंगावर काळी घोंगडी. बायका तिच्याभोवती भिंतीला टेकून बसल्या होत्या. केबोने आईच्या पायाशी बसली. आईने तिचा हात धरला आणि बोटं चाचपली, लहान मुलाची चाचपतात तशी.

"जेवले होते का गं तुझ्याकडे?"

"तीन वाडगे."

"बरं झालं." थोड्या वेळाने आई म्हणाली, "ती पिशवी त्यांच्या उशाशी सापडली म्हणे. परत मागून आणली होती लॅबमधून. नशिबाची पिशवी म्हणायचे. म्बाकोने आणून दिली. मी ती त्यांच्याबरोबर ठेवणार आहे."

केबोनेने आपला हात सोडवून घेतला. ती उठून अंगणात गेली.

अंगणात पुरुष बसले होते, आणि मधोमध मोडिसेमामा. आईचा थोरला भाऊ. अशा कामात मामाचा शब्द शेवटचा. कोण कुठे झोपणार, कोणता बैल कापायचा, कुणी काय बोलायचं, सगळं तोच ठरवत होता. दर संध्याकाळी प्रार्थनेला अर्धं गाव जमे, आणि प्रार्थना संपली की लोक खालच्या आवाजात बोलत. केबोने चहाचे पेले फिरवताना ते बोलणं तुकड्यातुकड्यांनी ऐकायची.

"वर कोण होतं?"

"तोच."

"नऊ वर्षांत एकदाही खाली उतरला नाही म्हणे."

"त्या उत्तरेकडच्यांची मंतरलेली औषधं जबरी असतात. हिरा असा येत नसतो. त्याला माणूस द्यावा लागतो."

"आणि दोर? दोर तुटला नाही. मग?"

पहिल्यांदा तिला वाटलं, दुःखात माणसं बरळतात. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की ही आता बडबड राहिली नाही, गावाचं मत झालं आहे. म्बाको रोज यायचा आणि कुंपणाबाहेर काटेरी झुडपापाशी बसायचा. त्याला कुणी आत बोलावलं नाही, कुणी हाकललंही नाही. कबर खणायला माणसं निघाली तेव्हा तो उठून फावडं घ्यायला पुढे झाला. मामाने फावडं स्वतःच्या मागे धरलं.

"तू खणलंस तेवढं पुरे," मामा म्हणाला.

म्बाको परत जाऊन बसला.

त्या दुपारी केबोने चहा आणि तळलेल्या पिठाचे दोन गोळे घेऊन कुंपणाबाहेर गेली. म्बाकोने पेला दोन्ही तळव्यांत धरला, कारण बोटं मिटत नव्हती. नखं गेली होती. सात बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या.

"खाऊन घ्या, काका."

"सुरवंट नाहीत का?" त्याने विचारलं, आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. 

"आवाज नाही आला, पोरी. लोकांना वाटतं मोठा आवाज होत असेल. पोतं टेकल्यासारखं झालं नुसतं. तो गात होता, ते थांबलं. मी दोर ओढला. रिकामा आला. मी खाली उतरलो, तुला सांगतो. नऊपर्यंत फळ्या, पुढे वाळू. मी हाताने उपसत होतो आणि जेवढं उपसत होतो तेवढं बाजूने येत होतं. वर पोरं ओरडत होती, बाहेर ये, बाहेर ये. संध्याकाळी कुठे त्याचं डोकं हाताला लागलं."

"तुम्ही उतरलात, हे मामाला सांगितलंत का?"

"ऐकतोय कोण?" त्याने नाक पुसलं. "माझं जाऊ दे. माझ्या गावी मी जाईन, तिथे कुणी विचारत नाही. पण इथून बातमी माझ्याआधी पोचेल. माझ्या पोरीला मुलगा बघतोय आम्ही. माणूस विकून हिरा शोधणाऱ्याच्या घरातली पोर कोण करेल?"

केबोनेने पिठाचा गोळा त्याच्यापुढे सरकवला.

"तू दाणे निवडतेस," म्बाको म्हणाला. "तू बघितलंस सगळं. मला एवढंच सांग. काय होतं त्याच्याखाली? अजून किती राहिलं होतं? एक मीटर, दोन मीटर? रात्रंदिवस तेच येतं मनात, की माझा मित्र पोचता पोचता गेला."

तो तिच्याकडे बघत होता. त्या नजरेत संशय असता तर तिला सोपं गेलं असतं. तिने पेला काढून घेतला, तो त्याने अर्धाच प्यायला होता, आणि ती आत निघून आली. चहा तिच्या हातावर सांडला.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी मामाने दुसऱ्या दिवशीचा क्रम कागदावर लिहून घेतला. पहाटे प्रार्थना, मग शेजारी बोलतील, मग कामावरचे, मग मृत्यूची हकीकत, मग कबरीकडे. हकीकत सांगायची ती ज्याने माणसाला शेवटचं सांभाळलं त्याने. आजार कसा आला, कोणतं औषध दिलं, शेवटचा घोट पाण्याचा कोणी पाजला, सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. ते ऐकल्याशिवाय गाव माणसाला मातीत जाऊ देत नाही. हकीकत अर्धी राहिली, तर उरलेली लोक आपापल्या मनाने पूर्ण करतात.

"रीतीप्रमाणे शेवटी जवळ होता तो बोलतो," एक म्हातारा म्हणाला.

"जवळ होता त्याला मी माझ्या बहिणीच्या अंगणात उभा करणार नाही," मामा म्हणाला. "हकीकत मी सांगतो. फार बोलायचं नाही. माणूस खाली गेला, दोर वरच्याच्या हातात होता, दोर रिकामा आला. ज्याला समजायचं त्याला समजेल."

"मामा, हकीकत मी सांगते."

सगळ्यांनी मान वळवली. मामाने चष्मा काढला.

"तू? तू तर लोबात्सेत होतीस."

"होते."

"मग तुला काय माहीत?"

"दाणे माझ्याकडे यायचे. खड्डा का खणला, ते मला माहीत आहे."

"का खणला हे सगळ्या गावाला माहीत आहे. वारुळात दाणे निघाले म्हणून."

"मामा, मला बोलू द्या. ते माझे वडील आहेत."

मामाला तिची दया आली असावी. त्याला वाटलं पोरीला बापाबद्दल चार शब्द बोलायचे आहेत. त्याने कागदावर आपलं नाव खोडलं आणि वर तिचं लिहिलं. "रडलीस तर मी पुढे येऊन उरलेलं सांगेन," तो म्हणाला. "मग तू बसायचं."

शनिवारी उजाडताना अंगण भरलं. ताडपत्रीखाली शवपेटी होती, तिच्याशेजारी गादीवर आई, डोक्यावरून घोंगडी ओढलेली, चेहरा दिसत नव्हता. थंडी होती. बायकांनी खांद्यावर शाली घेतल्या होत्या, पुरुषांच्या हातांत टोप्या. लॅबमधून मा-सेगो आली होती, साहेब आले होते आणि त्यांना कुठे उभं राहावं ते कळत नव्हतं. शेजारी बोलले, की ओलेबिले कुणाच्याही गुरासाठी विहिरीत उतरायचा. कामावरचा एक बोलला, की असा खणणारा पुन्हा होणार नाही. कुंपणाबाहेर म्बाको उभा होता. तो आज बसला नव्हता.

मामाने कागद बघून नाव वाचलं.

केबोने पेटीच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली. तिने रात्री वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी गेली.

"मी ओलेबिलेची मुलगी," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की मागून कुणीतरी म्हणालं, "मोठ्याने, पोरी."

"मी ओलेबिलेची मुलगी. ते आजारी नव्हते. जायच्या आधीच्या गुरुवारी माझ्याकडे जेवले. मंगळवारी सकाळी बारा मीटर खाली होते. नऊ मीटरच्या खाली फळ्या नव्हत्या. वाळू आली. म्बाको वर होते. ते खोलीला भितात, सगळ्यांना माहीत आहे. ते खाली उतरले. वाळू येत असताना उतरले. त्यांनी हाताने बाबांना काढलं. त्यांच्या बोटांना नखं नाहीत. त्यांना आत बोलवा आणि बघा."

अंगणात कुजबुज झाली. मामाचा चेहरा ताठरला. "हकीकत सांग," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्याची वकिली नको."

"हीच हकीकत आहे, मामा. माझी संपली नाही." तिने पेटीच्या कडेला हात लावला. लाकूड दवाने ओलं होतं. "तुम्ही म्हणता हिऱ्याने माणूस घेतला. तिथे हिरा नाही. खड्ड्यातून अकरा नमुने आले. सगळे मी निवडले. एकातही दाणा नव्हता. दाणे फक्त वारुळाच्या नमुन्यात होते. चौदा. ते पण मीच काढले."

मा-सेगोने मान वर केली.

"ते वारुळाचे नव्हते. ते पिशवीचे होते. लॅबमध्ये किंबरलाइटचा भुगा येतो त्याची ती पिशवी. जाळायची असते. मी जाळली नाही, घरी आणली, आईला दिली. कशाची ते सांगितलं नाही. आईने धुऊन शिवली. बाबांनी धुऊन भरली. दोघांनी धुतली. शिवणीत दाणे राहिले."

"केबोने," मामा म्हणाला, "पुरे. बस."

घोंगडीखालचं डोकं हललं. आईने हात बाहेर काढला होता आणि तो हवेत तसाच राहिला होता, तिला बसवायला की थांबू नको म्हणायला, ते केबोनेला कळलं नाही. तिने तिकडून नजर काढून पेटीकडे वळवली आणि मग ती गावाशी बोलेनाशी झाली.

"मला जुलैमध्येच कळलं होतं, बाबा. त्याच दिवशी. निळा दोरा दिसला तेव्हा. मी गप्प बसले. नोकरी जाईल म्हणून बसले, मग तुम्ही नाचलात म्हणून बसले, मग नुसतीच बसले. त्या गुरुवारी सांगणार होते. तुम्ही माझ्यासमोर बसून जेवत होता आणि मी कलिंगडाचं बोलले. सांगितलं असतं तर तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या, महिनाभर बोलला नसता, आणि खड्डा बुजवला असता. मला माहीत होतं की त्या वारुळाखाली काही नाही. मला माहीत होतं आणि मी तुम्हाला खणू दिलं."